धागा: मुक्तांचे, म्हणजे अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्यांचे, कागद घरबसल्या वाचण्याविषयी, आणि वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाचे लोकांसाठीचे उपक्रम

ओसरी (धागाकर्ती)

वॉशिंग्टनमधलं आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीचं राष्ट्रीय संग्रहालय २४ सप्टेंबर २०१६ ला उघडलं. त्याची इमारत, तो तीन मजली मुकुटासारखा कांस्यरंगी आकार, यावर मराठीत थोडंफार लिहून झालं आहे. लोकांना सोबत घेऊन तिथे जे काम चालतं, त्यावर मात्र जवळजवळ काहीच सापडत नाही. म्हणून हा धागा.

या संग्रहालयाचा कायदा २००३ चा. लॉनी बंच २००५ मध्ये संचालक झाले तेव्हा हाताशी जागा नव्हती, संग्रहात वस्तू नव्हत्या. इमारत उभी राहायची वाट न बघता त्यांनी २००८ मध्ये गावोगावी एक उपक्रम सुरू केला. लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू घेऊन यायचं, आणि त्या कशा जपायच्या हे संवर्धकांनी समोर बसून सांगायचं. शिकागोच्या पहिल्याच फेरीत पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यांत प्रवाशांची सेवा करणाऱ्या सेवकाची (पोर्टरची) दुर्मिळ पांढरी टोपी पुढे आली. माळ्यावरच्या ट्रंका, तळघरातली खोकी यांतूनच संग्रहाचा मोठा भाग उभा राहिला. म्हणजे इथे 'सार्वजनिक कार्यक्रम' ही इमारतीला नंतर लावलेली पडवी नाही, तो तिचा पाया आहे. माझ्या मते कुठल्याही संग्रहालयाला यातून सगळ्यात जास्त शिकण्यासारखं आहे.

तीन गोष्टींवर नेमकी माहिती हवी आहे:
घरी बसून कागद वाचून टंकण्याचं काम कसं करतात, त्यात चुका कुठे होतात?
वस्तू तपासून देण्याच्या दिवशी नेमकं काय चालत असे?
प्रत्यक्ष जाणाऱ्याने काय ध्यानात ठेवावं?

मोडीवाचक

पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो.

यादवी युद्ध संपत आलं तेव्हा, ३ मार्च १८६५ ला, अमेरिकी काँग्रेसने एक खातं काढलं. पूर्ण नाव निर्वासित, मुक्त आणि बेवारस जमिनींचं खातं. लोक त्याला फ्रीडमेन्स ब्युरो म्हणत. प्रमुख होते जनरल ऑलिव्हर ओटिस हॉवर्ड. १८७२ मध्ये ते बंद झालं. या सात वर्षांत शिधावाटप, मजुरीचे करार, शाळा, दवाखाने, लग्नाच्या नोंदी, मारहाणीच्या तक्रारी असे लाखो कागद तयार झाले. गुलामगिरीत ज्यांना सरकारदरबारी नावच नव्हतं, त्यांची नावं बऱ्याचदा पहिल्यांदा इथेच सापडतात.

यावर दोन कामं झाली आणि ती एकच समजू नका. पहिलं अनुक्रमणिकेचं: २०१५ ते २०१६ या काळात २५ हजारांहून जास्त स्वयंसेवकांनी जवळपास १८ लाख नावं वेगळी काढली. नाव, गाव, तारीख, एवढंच. दुसरं काम संपूर्ण पान अक्षरशः टंकायचं. हे संग्रहालय ज्या संस्थेचं, त्या स्मिथसोनियनच्या लिप्यंतर केंद्र या संकेतस्थळावर ते चालतं आणि त्यासाठी अमेरिकेत असण्याची गरज नाही.

क्रम साधारण असा. प्रकल्प निवडायचा, पान उघडायचं. एका बाजूला कागदाचं चित्र, दुसरीकडे लिहायची चौकट. टंकायला खातं उघडावं लागत नाही, पण दुसऱ्याने टंकलेलं तपासायला लागतं. पान पूर्ण झालं की तपासणीसाठी सोडायचं, मग दुसरा स्वयंसेवक ते मुळाशी ताडून पाहतो. बरोबर वाटलं तर पुढे पाठवतो, नाहीतर पुन्हा उघडतो. आपलं पान आपणच तपासायचं नाही.

नियम मोजके, पण कडक:

शुद्धलेखन सुधारायचं नाही. कारकुनाने एकाच पानावर एक आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलं असेल तर तिन्ही तशीच ठेवायची. त्या तीन तऱ्हा हाच पुढे शोधणाऱ्याचा धागा असतो.

ओळी मुळात जिथे तुटतात तिथेच तोडायच्या.

शब्द लागलाच नाही तर दुहेरी चौकटी कंसात प्रश्नचिन्ह: [[?]]. अंदाज असेल तर अंदाजाचा शब्द आणि त्याला लागून प्रश्नचिन्ह, दोन्ही त्याच कंसात. रिकामी जागा सोडू नका, नाहीतर तपासणाऱ्याला वाटतं की मुळातच कोरं आहे.

खोडलेला मजकूरही टंकायचा, खोडल्याची खूण करून. करारात मजुरीचा आकडा खोडून कमी केलेला असतो, आणि सगळी गोष्ट तिथेच असते.

जुन्या संक्षेपांनी नवखा हमखास अडतो. तारखेनंतर 'इन्स्ट' म्हणजे चालू महिना, 'अल्ट' म्हणजे गेला महिना. रकान्यात 'डू' दिसलं तर त्याचा अर्थ 'वरीलप्रमाणे', आपल्याकडे '"' खूण करतो तसं. 'ब्रेव्हेट' ही मानाची लष्करी पदवी. 'आर. एफ. अँड ए. एल.' म्हणजे खुद्द खातं. संक्षेप उलगडून लिहायचा नाही, आहे तसा टंकायचा. अर्थ कळला की वाचायला सोपं जातं, एवढ्याचसाठी ही यादी.

पाटीपेन्सिल

जुनं इंग्रजी हस्ताक्षर अजिबात वाचता येत नाही. मोडी थोडी येते. त्याचा उपयोग होईल का?

मोडीवाचक

होईल. अक्षरांचा नाही, सवयीचा. मोडीत आपण एकाच हाताचा 'स' पानभर शोधतो आणि मग अडलेल्या शब्दाकडे येतो, तेच इथे करायचं. आधी तारीख, गाव, 'सर' हे संबोधन आणि शेवटचं 'आपला आज्ञाधारक सेवक' छापाचं वाक्य वाचा. ती ठरलेली असतात. त्यांतून त्या कारकुनाची वर्णमाला वहीवर काढून घ्या. मोठी 'एल' आणि 'एस', मोठी 'टी' आणि 'एफ', 'आय' आणि 'जे' या जोड्या सगळ्यात जास्त फसवतात. दोन 'एस' लागोपाठ आले तर पहिला लांब काढायची पद्धत तेव्हा अजून होती, तो 'एफ'सारखा दिसतो. 'मिस'चं 'मिफ्स' तिथूनच होतं.

यंत्राकडून वाचून घेतलेला मजकूर न तपासता चिकटवू नका. यंत्र अडलं तर थांबत नाही, शोभेल असा शब्द घालतं. माणसाच्या नावात शोभेल असा शब्द म्हणजे सरळ चूक.

निळीशाई

मजुरीच्या करारांवर भर घालते, कारण चुका तिथेच सर्वात जास्त दिसतात.

कराराचा शेवट जवळून बघा. सही येत नसलेल्या माणसाचं नाव कारकून लिहितो. मधे जागा सोडतो. त्या जागेत माणूस स्वतः फुली काढतो. मग कारकून फुलीच्या वर बारीक 'हिज' आणि खाली 'मार्क' लिहितो, बाईचं असेल तर वर 'हर'. म्हणजे डावीकडे पाळण्यातलं नाव, मधे ही तीन मजली खूण, उजवीकडे आडनाव. आपल्या जुन्या कागदांत पाटलाची नांगराची निशाणी असते, तशीच ही. नीट पाहिलं तर फुल्या एकमेकींसारख्या नसतात. एखादी थरथरती, एखादी एका झटक्यात ओढलेली, एखाद्या ठिकाणी टाकाने कागद ओरबाडलेला.

टंकताना काय होतं: वरचा 'हिज' आधीच्या ओळीला चिकटतो, खालचा 'मार्क' पुढच्या ओळीत जातो, आणि शोधयंत्रात 'मार्क' नावाची कित्येक माणसं जन्माला येतात. म्हणून सगळं एका ओळीत घ्यायचं: नाव, हिज, फुलीसाठी एक्स, मार्क, आडनाव.

दुसरं, करारात माणसांपुढे 'पूर्ण हात', 'पाऊण हात', 'अर्धा हात' असं लिहिलेलं असतं. ती काम करण्याच्या कुवतीची श्रेणी आहे, त्यावर मजुरीचा वाटा ठरे. मुलं, म्हातारे, बाळंतिणी यांना अर्धा. हा रकाना अपूर्णांकात असतो आणि लोक तो वय समजून टंकतात. 'पेक' हे धान्याचं माप, बुशेलचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे नऊ लिटर. मक्याच्या पिठापुढे ते येतं.

आणि मुळात असलेले अपमानकारक शब्द गाळायचे नाहीत, सौम्य करायचे नाहीत. टंकणाऱ्याला त्रास होतो हे खरं. पण ते शब्द कोणी, कोणाला, कुठल्या हुद्द्यावरून वापरले हाच त्या कागदाचा पुरावा आहे. मन जड झालं तर पान अर्धवट जतन करून सोडा. दुसरं कुणी पुरं करतं, व्यवस्थाच तशी आहे.

मोडीवाचक

निळीशाई, 'हिज मार्क'चं अगदी बरोबर. त्यात एक जोडतो. आवक पत्रांच्या नोंदवह्या दोन पानांवर पसरलेल्या असतात. डाव्या पानावर कोणी, कुठून, कधी. उजव्या पानावर पत्राचा सारांश. चित्रं वेगळी दिली असतील तर आधी पुढचं-मागचं चित्र उघडून बघा आणि मगच हात लावा. सुटी पत्रं तीन घड्या घालून ठेवत, म्हणून पाठीवर आडवा मजकूर असतो: पाठवणारा, विषय, कोणाकडे वर्ग केलं. 'पाठीवर काही नाही' असं समजून लोक ते सोडतात, आणि तक्रारीवर काय कारवाई झाली हे नेमकं तिथेच लिहिलेलं असतं.

घडीमोड

दुसऱ्या प्रश्नावर, वस्तू तपासणीचा दिवस.

आणायचं काय हे ठरलेलं असे: कागद, पुस्तकं, कापड, खरेदीच्या पिशवीत मावेल एवढं. फर्निचर, गालिचे, बंदुका, तैलचित्रं नाहीत. कारण साधं आहे. टेबलाशी बसून उलटसुलट करता येईल, जोखीम न घेता हाताळता येईल, असंच घ्यायचं. किंमत सांगितली जात नसे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकदा किंमत सांगायला लागलं की रांगेतला प्रत्येक जण आकड्यासाठी उभा राहतो, आणि आजीच्या बायबलमधली जन्म-मृत्यूंची यादी कुणी वाचतच नाही. वस्तू संग्रहालयाला द्या असा आग्रहही नसे. जपा, घरातच ठेवा, पण अशी ठेवा, हा मुद्दा.

संवर्धक जे सांगत ते साधारण हे:

घडीचा ठिसूळ कागद जोर लावून उलगडू नये. घडीवर तंतू आधीच तुटलेले असतात, एका झटक्यात दोन तुकडे होतात. दमट हवा देऊन सैल करणं हे तज्ज्ञाचं काम.

पारदर्शक चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर कधीच नाही. पट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन उष्णतेने चिकटतं ते न फाडता निघत नाही. त्याऐवजी पॉलिएस्टरची स्वच्छ पिशवी. पीव्हीसीची नको, त्यातून आम्ल सुटतं आणि फोटो चिकटतात.

चिकट पानांच्या जुन्या आल्बममधले फोटो नखाने उचकटू नयेत. मेण नसलेला दातांचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळू सरकवायचा. हलत नसेल तर तसंच पान आधी स्कॅन करून घ्यायचं.

फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये. दाबाचा वळ पुढून दिसतो, शाई शेजारच्या फोटोवर उतरते. मऊ शिसपेन्सिल, तीही कडेला. गुळगुळीत नव्या फोटोवर पेन्सिल उमटत नाही, तिथे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवायचं.

कापडाच्या घडीत आम्लमुक्त पातळ कागदाची वळकटी घालायची म्हणजे घडी धारदार होत नाही. वर्षातून एकदा घडी वेगळ्या जागी मोडायची. ड्रायक्लीनिंगची प्लॅस्टिक पिशवी काढून टाकायची.

जागा: माळा नको, तळघर नको. माळ्यावर उष्णता, तळघरात ओल. घराच्या मधल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट सगळ्यात बरं. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहिली तर बुरशी धरत नाही.

पाटीपेन्सिल

आणि पांढरे हातमोजे?

घडीमोड

फोटो, निगेटिव्ह आणि धातूला हातमोजे हवेत, बोटांची चरबी त्यावर ठसा सोडते. कागदाला मात्र धुतलेले, पूर्ण कोरडे हात बरे. सुती मोज्यात बोटाची जाण जाते, कागदाच्या फाटक्या कडेत धागा अडकतो. त्या दिवशी मोजे वाटले जात, पातळ कागद आणि पिशव्याही. पण वाटले म्हणून सगळीकडे घालायचे असं नाही. फोटोंसाठीही नायट्राइलचे अधिक बरे, ते घट्ट बसतात.

ओसरी

कुटुंबांच्या चित्रफितींचाही एक उपक्रम आहे ना? घरगुती फिल्म फुकट डिजिटल करून देतात तो.

रीळ

हो, 'महास्थलांतरा'च्या नावाने. साधारण १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतून उत्तरेला आणि पश्चिमेला सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय गेले. त्या कुटुंबांनी घरच्या कॅमेऱ्यावर टिपलेली लग्नं, रस्ते, चर्चमधून बाहेर पडणारी माणसं हा त्या काळाचा वेगळाच पुरावा आहे. बातमीपटात कृष्णवर्णीय माणूस दिसला तर दंगलीत किंवा अटकेत. घरच्या फिल्ममध्ये तो वाढदिवसाचा केक कापतो. मूळ रीळ आणि डिजिटल प्रत कुटुंबाला परत मिळते, परवानगी असेल तर एक प्रत संग्रहालय ठेवतं.

तांत्रिक भाग. ८ मिमी, सुपर ८, १६ मिमी हे फिल्मचे प्रकार. व्हीएचएस, हाय-८, मिनी-डीव्ही या चुंबकीय फिती. ५० फुटांचं छोटं रीळ म्हणजे जुन्या ८ मिमीचं सेकंदाला १६ चौकटींनी सुमारे चार मिनिटं. सुपर ८ चं १८ चौकटींनी ३ मिनिटं २० सेकंद. घरी किती ऐवज आहे हे या हिशोबाने कळतं.

काय बिघडतं: ॲसिटेटच्या फिल्मला व्हिनेगरचा वास येतो. तिचा आधार विघटन पावून ॲसेटिक आम्ल सुटतं, आम्लामुळे विघटनाला आणखी वेग येतो, आणि तो वास बंद डब्यातल्या शेजारच्या रिळांनाही बाधतो. वासाचं रीळ ताबडतोब वेगळं करायचं, हवाबंद डब्यात ठेवायचं नाही, थंड जागी ठेवायचं. फिल्म आकसते, मग कडेची छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाहीत. म्हणून जुनं रीळ 'एकदा लावून बघूया' हे अजिबात करू नका. एक टक्का आकसलेली फिल्मही दात्यांवर फाटते. तपासणाऱ्याकडे मोजपट्टी असते. आधी हाताने फिरवून जोड तपासतात, सुटलेले जोड नव्याने जोडतात, धूळ काढतात आणि मग दात्यांऐवजी रबरी चाकांवर चालणाऱ्या स्कॅनरवर घेतात.

दोन्ही असतील तर आधी काय? बहुतेक लोक जुनं म्हणून फिल्म आधी काढतात. मी व्हीएचएस आधी म्हणेन. थंड, कोरड्या जागेतली फिल्म अजून कितीतरी वर्षं टिकेल, ती उजेडाकडे धरली तरी दिसते. फितीला यंत्र लागतं, आणि तसे प्लेयर कुणी बनवत नाही.

वडवेल

वंश शोधणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण हे सगळे कागद शेवटी तिथेच पोचतात.

शोध मागे मागे न्यायचा: घरातली वडीलधारी माणसं, मग १९५० ची जनगणना (२०२२ पासून खुली), १९४०, असं करत १९००. १८९० ची १९२१ च्या आगीत जवळजवळ सगळी गेली, म्हणून तिथे वीस वर्षांची उडी. मग १८८० आणि १८७०. सगळ्या मुक्त झालेल्या माणसांना नावानिशी मोजणारी पहिली जनगणना १८७० ची. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या गुलाम-याद्यांत मालकाचं नाव आहे, खाली फक्त वय, लिंग, रंग. ४५, स्त्री, काळी. १२, पुरुष, मिश्र. नावाचा रकानाच नाही. १८६० च्या यादीत तर किती झोपड्या याचाही आकडा आहे. संशोधक याला '१८७० ची भिंत' म्हणतात, आणि ब्युरोचे कागद ही त्या भिंतीतली खिडकी.

त्याच काळातली मुक्तांसाठीची फ्रीडमन्स बँक (१८६५ ते १८७४) विसरू नका. खातं उघडताना ठेवीदाराचा जन्मगाव, आईबाप, भावंडं, कधीकधी पूर्वीचा मालकही लिहून घेत. बँक बुडाली, लोकांची कष्टाची ठेव गेली, पण वह्या राहिल्या.

दोन ठिकाणी लोक घसरतात. मुक्त माणसाने शेवटच्या मालकाचंच आडनाव घेतलं असं गृहीत धरू नका. आधीच्या मालकाचं, बापाचं, स्वतः निवडलेलं, काहीही असू शकतं. आणि वयाला चार-पाच वर्षांची सूट द्या. एकाच नावापेक्षा शेजारची पाच घरं जुळतात का ते बघा. शेजार एकत्र हलतो.

ओसरी

प्रत्यक्ष भेटीबद्दल कुणी?

रीळ

प्रवेश विनामूल्य, पण ठरलेल्या वेळेचा पास ऑनलाइन आधी घ्यायचा. आल्यावर आधी मोठ्या लिफ्टने तळाशी जा, पंधराव्या शतकात, आणि उतरणींवरून वर चढत या. उलटं केलंत तर क्रम लागत नाही. इतिहासाच्या तीन मजल्यांना किमान तीन तास. वर्णभेदाच्या काळातला रेल्वेडबा आणि लुइझियाना राज्यातल्या अंगोला तुरुंगाचा पहाऱ्याचा मनोरा २०१३ मध्ये क्रेनने आत उतरवले आणि मग त्यांच्याभोवती इमारत पुरी केली, इतके ते मोठे आहेत. इतिहासाच्या दालनांनंतर गोल धबधब्याच्या शांत दालनात दहा मिनिटं बसा. वंशशोधाला मदत करणारं केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे जायचं तर नावं, गावं, तारखा कागदावर लिहून न्या. 'आजोबा दक्षिणेतले' एवढ्यावर मदतनीसालाही काही करता येत नाही.

निळीशाई

एक तारखेची जुळणी इथे नोंदवते. ब्युरो बंद झालं १८७२ मध्ये. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' पुण्यात प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी तिथल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी औदार्य आणि परोपकारबुद्धी दाखवली. ज्या सुटकेची आठवण ठेवून त्यांनी पुस्तक अर्पण केलं, त्या सुटकेनंतरचे रोजचे कागद आपण आता टंकतोय. मराठी वाचकाला या कामात परकं वाटायचं कारण नाही.

पाटीपेन्सिल

सुरुवात कुठल्या पानापासून करू? करार अवघड वाटतात.

मोडीवाचक

शाळांच्या मासिक अहवालांपासून. ते छापील नमुन्यावर आहेत, प्रश्न छापलेले आणि उत्तरं हाताने: विद्यार्थी किती, वाचू शकणारे किती, भूगोल शिकणारे किती, इमारत कोणाच्या मालकीची. आकडे जास्त, वाक्यं कमी. छापील भागही टंकायचा हे विसरू नका. पाच-सहा अहवाल झाले की हात बसतो. मग सुटी पत्रं, आणि करार सगळ्यात शेवटी. पहिलं पान सोडण्याआधी चित्र शंभर टक्क्यांवरून दोनशेवर नेऊन आकड्यांचे रकाने एकदा परत बघ, १ आणि ७ तिथेच बदलतात.